टॅक्सचा पहिला अर्थ

पणजोबा हेडमास्तर होते, आजोबा तारमास्तर होते आणि वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. परंतु हे तिघांचे पोटापाण्याचे उद्योग झाले. घराण्याचे खरे कार्य एकच, आणि ते म्हणजे इंग्रजी शब्दांचा कोश. हेडमास्तरांनी ‘ए’चा श्रीगणेशा केला आणि ‘एफ’पर्यंत येऊन डोळे मिटले. तारमास्तरांनी ‘जी’ हाती घेतला व ‘एम’ संपवून हात जोडले. मुद्रितशोधकांनी ‘एन’पासून ‘एस’पर्यंत मजल मारली. ‘टी’पासून पुढचा मुलूख ज्यांच्या वाट्याला आला, ते या कथेचे नायक. त्यांची पन्नाशी उलटली होती, डोक्यावरचे केस नाव घेण्यापुरते उरले होते आणि मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती; तरी घरीदारी सगळे त्यांना ‘चिरंजीव’च म्हणत. वडिलांनी एकदा बहाल केलेली ही पदवी काढून घेण्याचा अधिकार वडिलांखेरीज कोणाला नव्हता, आणि वडील तर राहिले नव्हते.

दुसऱ्यांचे दोन कोश समोर उघडे ठेवून तिसरा कोश रचणारी माणसे जगात उदंड आहेत. या घराण्याने तो मार्ग कधी पत्करला नाही. हेडमास्तरांनी घालून दिलेला दंडक असा, की शब्द घरात राबल्यावाचून कोशात बसणार नाही. इंग्रजी शब्दाला जो प्रतिशब्द द्यायचा, तो घरातल्या कोणाच्या तरी तोंडून आपसूक निघाला पाहिजे. न सांगता, न सुचवता, संतापाच्या किंवा आनंदाच्या भरात. शिवाय तो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या कानांनी ऐकला पाहिजे. कोशकाराचे स्वतःचे बोलणे मात्र पुराव्यात धरले जात नसे. या दंडकापायी घराने पुष्कळ सोसले होते. ‘जेलसी’साठी तारमास्तरांनी आठवडाभर शेजारणीच्या हातच्या चहाची तारीफ केली आणि एकट्या पत्नीकडून नऊ प्रतिशब्द मिळवले, त्यांपैकी चार छापण्याजोगे होते. ‘पेशन्स’साठी मुद्रितशोधक व्हायोलिन शिकायला बसले. त्या काळात घरच्यांच्या तोंडून जे निघाले, ते सगळे ‘प्रोव्होकेशन’खाली घालावे लागले.

हल्ली ऐकण्याचा हा अधिकार आत्यांकडे होता. आत्या म्हणजे मुद्रितशोधकांच्या थोरल्या भगिनी. वय ऐंशीच्या पलीकडे, कणा छडीसारखा, आणि कान असे, की शेजारच्या इमारतीत कोणी मनात काही आणले तरी त्यांना चाहूल लागावी. गल्लीत त्यांना ‘हायकोर्ट’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि नामंजूर नव्हते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीत, पलंगावर वर्तमानपत्र उघडून त्या बसत, आणि घरात एखादा बावनकशी शब्द निघाला, की कागदामागून एकच उद्गार येई, “ऐकलं.” तो उद्गार आला, की शब्द कोशात गेला म्हणून समजावे.

एका सोमवारी छापखानेवाले दारात उभे राहिले.

“चिरंजीव, पुढच्या सोमवारी ‘टी’चा खंड यंत्रावर चढतोय. मजकूर पुरा झाला का?”

“झाला. एकच शब्द राहिलाय. टॅक्स.”

छापखानेवाल्यांना हसू आवरेना. “अहो, टॅक्स म्हणजे कर! शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

“शेंबड्या पोरांना विचारून आमच्याकडे कोश होत नाही,” चिंचोळ्या खोलीतून आवाज आला. “आणि दारात उभं राहून हसू नका. आत येऊन हसा.”

छापखानेवाले आत आले, पण हसायचे विसरले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. “हे बघा, यंत्र काही तुमच्यासाठी थांबणार नाही. आपला दुसरा कोश रचणारे ते प्राध्यापक आहेत ना, त्यांची नोंद तयार आहे. पंचवीस प्रतिशब्द, सगळे अकारविल्हे. सोमवारी तुमची नोंद मिळाली नाही, तर मी त्यांची घालणार. पण त्यांची एक अट आहे. खंडावर त्यांचंही नाव.”

“कुठं?”

“तुमच्या वर. वयानं मोठे आहेत म्हणतात.”

चिरंजीवांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गेल्या तीन पिढ्यांच्या खंडांवर परक्याची सावली पडली नव्हती, आणि चौथ्या पिढीत एका शब्दापायी डोक्यावर प्राध्यापक बसणार! ते प्राध्यापक, जे प्रतिशब्द चाखत नाहीत, नुसते उचलतात!

छापखानेवाले गेल्यावर चिरंजीव आत्यांपुढे जाऊन उभे राहिले. “आत्या, या एका शब्दापुरता दंडक सैल केला तर? टॅक्स म्हणजे कर, हे जगाला माहीत आहे.”

“जगाला माहीत आहे, तर मग कोश कुणासाठी करतोयस?” आत्यांनी पान उलटले. “या घरात कोण म्हणालं? कधी म्हणालं? मी ऐकलं नाही.”

यात आत्यांचे काही चुकले नव्हते. घरात मिळवती माणसे दोन. चिरंजीव ग्रंथालयात, पत्नी रुग्णालयात. दोघांच्याही वेतनातून सरकार आपला हिस्सा परस्पर उचलत असे. जी गोष्ट हाताला लागायच्या आधीच जाते, तिच्याविषयी माणूस बोलत नाही. चिरंजीवांनी रात्रभर विचार केला आणि घराण्याच्या रक्ताला शोभेल असाच निष्कर्ष काढला. शब्द निघत नसेल, तर वस्तू निर्माण केली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला सगळे जमले असता ते उठून उभे राहिले. हातात पत्र्याचा एक रिकामा डबा होता.

“आजपासून या घरात चहाच्या प्रत्येक कपामागे एक बिस्कीट या डब्यात जमा करावं लागेल.”

पत्नी मुख्य परिचारिका होती. अख्ख्या वॉर्डातल्या रोग्यांना नुसत्या नजरेने अंथरुणावर आडवे करण्याचा तिचा हातखंडा होता. तिने कप खाली ठेवला.

“बिस्किटं आणली कुणी?”

“तू.”

“चहा केला कुणी?”

“तूच.”

“मग डब्यात कशाबद्दल टाकायचं?”

“कशाबद्दल असं विचारायचं नसतं. ते भरायचंच असतं.”

“अहो, हा कसला भुर्दंड!”

“भुर्दंड. ऐकलं,” आतून आवाज आला.

चिरंजीवांचा चेहरा उजळला. पहिल्याच घासाला प्रतिशब्द! ते डबा घेऊन मेहुण्याकडे वळले. मेहुणा विम्याचा एजंट होता. स्वतःच्या घराला रंग लागेपर्यंत दोन आठवडे राहतो म्हणून आला होता. रंगाला आता सहावा महिना लागला होता.

“भाऊजी, मी तर पाहुणा!”

“बाहेरून आलेल्या मालावर दुप्पट.”

“ताई, ऐकलंस? दिवसाढवळ्या दरोडा घालतायत हे!”

“दरोडा. ऐकलं.”

इथेच थांबले असते, तर पुढचे काही घडते ना. पण वसुलीची चटक ही अशी चीज आहे, की सोडीन म्हटले तरी सुटत नाही. चिरंजीवांना ‘भुर्दंड’ आणि ‘दरोडा’ नको होते असे नाही, पण पहिला अर्थ म्हणून ते छापता येत नव्हते. हवा होता तो साधा, सोज्ज्वळ ‘कर’. तेव्हा त्यांनी जाळे विस्तारले. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून जे काही बाहेर जाईल, त्यावर जकात बसली. गरम पाण्याच्या बादलीला पट्टी लागली. दूरदर्शनसमोर बसणाऱ्यांना करमणूक शुल्क, आणि हे सगळे वेळेवर न भरणाऱ्यांना अधिभार. भरणा बिस्किटांत, बिस्किटे संपली तर भांडी घासून. एकट्या आत्यांना माफी होती. त्या न्यायदानाच्या आसनावर आहेत म्हणून, असे चिरंजीव सांगत; मागायची छाती नाही म्हणून, असे घरचे सांगत.

आता कायदा आला म्हणजे पळवाट आलीच, आणि पळवाटा शिकण्यासाठीच कन्येची फी भरली जात होती. बुधवारी ती वाडगा तोंडाला लावून बसली.

“हे काय?” चिरंजीवांनी विचारले.

“चहा.”

“बिस्कीट?”

“बाबा, तुम्ही कपामागे म्हणालात. हा वाडगा आहे.”

चिरंजीवांनी जागच्या जागी दुरुस्ती जाहीर केली, की कप म्हणजे चहा राहील असे कोणतेही भांडे. कन्येने मान तुकवली आणि दुपारी कॉफी केली. चिरंजीवांनी कॉफीचा अंतर्भाव केला. संध्याकाळी तिने नुसते दूध प्यायले. उंबरठ्याच्या जकातीवर तर सगळ्या घराने मिळून तोडगा काढला. कोणी काही बाहेर नेलेच नाही. तिघेही ओट्याला टेकून, उभ्याउभ्या जेवू लागले. स्वयंपाकघर इतके अरुंद, की मेहुण्याने घास घेतला की कोपर भाचीच्या ताटात आणि भाचीने पाणी घेतले की ते मामाच्या शर्टावर. बाहेर मोठ्या टेबलापाशी चिरंजीव डबा पुढे घेऊन एकटेच बसत.

“सीमेवर फार गर्दी झाली आहे,” ते एकदा म्हणाले.

“तुम्हीच जकातीचं नाकं बसवलंत,” आतून पत्नीचा आवाज आला. “आता बसा शिंकत!”

वसुली घटली, तेव्हा जगातल्या सगळ्या राजवटी जे करतात तेच चिरंजीवांनी केले. त्यांनी निरीक्षक नेमला. घरात बिनकामाचा माणूस एकच होता, म्हणून ती जागा मेहुण्याकडे गेली. मेहुण्याने पदभार स्वीकारला आणि त्याच क्षणापासून तो बदलला. तो दारांमागे उभा राहू लागला. सख्ख्या बहिणीची पर्स त्याने “नेहमीची तपासणी” म्हणून उघडली. भाचीच्या खोलीतून बिस्किटांचा अख्खा पुडा जप्त केला आणि पुराव्यादाखल स्वतःजवळ ठेवला.

“मामा, लाज वाटत नाही?”

“मी कोण? मी हुकमाचा ताबेदार.”

“जुलूम आहे हा! खंडणी आहे नुसती!”

“जुलूम. खंडणी. दोन्ही ऐकले,” आत्यांनी शांतपणे शिक्कामोर्तब केले.

गुरुवारी संध्याकाळी चिरंजीवांनी डबा उघडला. तळाशी फक्त चुरा होता.

“मेहुणे, खजिना कुठं गेला?”

मेहुण्याने ओठांवरचा कण पुसला. “प्रशासकीय खर्च, भाऊजी.”

“सगळा?”

“कारभार वाढला की खर्च वाढतो. मला वाटतं, दर वाढवावे लागतील.”

तोच कन्येच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने आपल्या वडिलांकडे रोखून पाहिले.

“बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही मामाला घराच्या रंगावरून रोज डिवचत होतात. तेव्हा ‘टॉन्ट’चे टोमणे चालले होते ना?”

“असतील. मला कुठं एवढं आठवतं?”

“आणि ‘टी’त आता राहिलंय काय?” तिने रिकाम्या डब्याकडे पाहिले आणि टाळी वाजवली. “आई! हे सगळं एका शब्दासाठी चाललंय! बाबांना आपल्या तोंडून तो शब्द काढून हवाय!”

पत्नी सावकाश उठली, हात पुसले आणि ज्या स्वरात ती बेशिस्त नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढत असे, त्या स्वरात म्हणाली, “अस्सं. मग ऐका. आजपासून या घरात बाकी काय वाटेल ते बोललं जाईल. तो शब्द निघणार नाही.”

कन्येने हात वर करून अनुमोदन दिले. निरीक्षकानेही दिले. डबा रिकामा झाल्यामुळे त्याला पदात रस उरला नव्हता.

चिरंजीवांच्या पायांखालची जमीन सरकली. बहिष्कार अशा निष्ठेने पाळला गेला, की एरवी घरातला कोणताही नियम कोणी तसा पाळला नव्हता. त्यांनी आडून आडून प्रयत्न केले.

“अगं, तुझ्या पगारातून दर महिन्याला काय गं कापून घेतात?”

“जे कापायचं असतं ते.”

“त्याला काहीतरी म्हणत असतील ना?”

“म्हणतात. मी नाही म्हणत.”

खरी परवड झाली मेहुण्याची. विम्याचा एजंट आणि तो शब्द यांचे नाते जीव आणि श्वास यांच्यासारखे असते. शुक्रवारी सकाळी फोनवर गिऱ्हाईक होते आणि मेहुणा घामाघूम झाला होता. “साहेब, ही पॉलिसी घेतली, की तुमचं ते वाचतं... ते हो... वर्षाच्या शेवटी भरताना पोटात गोळा येतो बघा, ते... नाही, नाही, आजार नाही... साहेब? हॅलो?” त्याने फोन ठेवला आणि हताशपणे चिरंजीवांकडे पाहिले. “भाऊजी, तुमच्या कोशापायी माझं हे तिसरं गिऱ्हाईक गेलं. पण ताईला शब्द दिलाय. दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि तुम्हाला हवा तो द्यायचा नाही!”

शनिवारपर्यंत चिरंजीवांपाशी आत्यांनी रीतसर ऐकलेले प्रतिशब्द जमले होते ते असे: भुर्दंड, दरोडा, जुलूम, खंडणी, लूट, पिळवणूक, लुबाडणूक, आणि “या बाबाला आवरा कुणीतरी”. हा शेवटचा शेजाऱ्यांकडून भिंतीतून आला होता व त्याची जात ठरत नव्हती. या सामग्रीवर ‘टॅक्स’ची नोंद छापली असती, तर कोश नव्हे, चिथावणीचे पत्रक झाले असते. पलीकडे छापखानेवाल्यांच्या खिशात प्राध्यापकांची नोंद घडी घालून तयार होती.

त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. शनिवारी दुपारी सगळ्यांना टेबलाशी बोलावले. “सगळ्या वसुल्या रद्द. माझं चुकलं. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला.”

“बोलायचं आहेच,” कन्या म्हणाली. “तुम्ही आमच्याकडून घेतलंत. बदल्यात काय दिलंत? सरकार निदान रस्ते तरी बांधतं.”

“रस्त्याचं नाव काढलंस ते बरं केलंस,” पत्नीने धागा उचलला. “बेडरूममधून न्हाणीघरात जायचं, तर मला ‘आर’च्या खोक्यांवरून तंगडी टाकून जावं लागतं. गेल्या आठवड्यात ‘रिस्पेक्ट’वर पाय पडला माझा.”

“मी तर ‘के’ आणि ‘एल’च्या मधे झोपतो,” मेहुणा म्हणाला. “कूस बदलली की ‘एल’ अंगावर येतो.”

“थोडक्यात,” कन्येने खुर्ची सरळ केली. एव्हाना ती न्यायाधीश आणि वकील दोन्ही झाली होती. “या घरात सर्वांत जास्त जागा कोण अडवून बसलंय? आणि त्याबद्दल आजवर छदाम न भरता?”

कोणी उत्तर देण्यापूर्वी चिंचोळ्या खोलीतले वर्तमानपत्र खाली आले. आत्या उठल्या. भर दुपारी, घरातला वाद चालू असताना आत्या पलंगावरून उठल्या, असे कोणाच्या आठवणीत नव्हते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कोश,” त्या म्हणाल्या. “या घरातला सर्वांत मोठा बुडव्या म्हणजे तुझा कोश.”

“आत्या, तूसुद्धा?”

“मीच. आधी मी, मग बाकीचे. ती रस्त्याकडची मोठी खोली, दोन खिडक्यांची, जिथं आज तुझी कपाटं आहेत, ती कुणाची होती?”

चिरंजीवांची नजर मोठ्या खोलीच्या दाराकडे गेली.

“माझी होती. बाबांनी मला दिली होती. मी शाळेत शिकवत होते, संध्याकाळी दमून यायचे आणि त्या खिडकीत बसायचे. मग ‘एन’ सुरू झाला. तुझा बाप म्हणाला, ‘ताई, चार दिवस दे खोली. एवढी खोकी लागली, की परत देतो.’ मी दिली. ‘एन’ झाला, ‘ओ’ आला. ‘एस’ नावाचं अक्षर तर संपेचना. तुझा बाप गेला, मग तू आलास. हे चार दिवस अजून संपायचेत, चिरंजीव.”

“पण तू कधी बोलली नाहीस!”

“मागून मिळालं, तर ते देणं कसलं? माझा भाऊ विसरला. मी आठवण करून देणार नव्हते. आज तुम्ही सगळे कुणाचं किती हे काढून बसलात, म्हणून माझं मांडलं.”

चिरंजीवांच्या मनात एक आशा डोकावली आणि ती त्यांच्या तोंडून निसटली. “आत्या, मी खोली दिली, तर मग तो शब्द... सोमवारच्या आत...”

आत्यांच्या भुवया अशा वर गेल्या, की चिरंजीवांनी पुढचे शब्द गिळले.

“खोलीचा आणि शब्दाचा संबंध नाही. माझे कान विकाऊ नाहीत. खोली द्यायची असेल तर ती माझी आहे म्हणून दे. त्यातून तुला काही मिळणार नाही. प्राध्यापक डोक्यावर बसणार असेल तर बसेल. नसेल द्यायची, तर नको देऊस. मी आहे तिथं बरी आहे.”

असे म्हणून त्या पुन्हा पलंगावर जाऊन बसल्या आणि वर्तमानपत्र वर गेले.

चिरंजीव बराच वेळ मोठ्या खोलीत उभे राहिले. चारी भिंतींना कपाटे, कपाटांवर खोकी, खोक्यांवर गठ्ठे. एक खिडकी ‘ओ’ने बुजलेली, दुसरी ‘पी’ने. दिवसासुद्धा तिथे दिवा लावावा लागे. इतकी वर्षे ही खोली अंधारीच आहे, असे त्यांना वाटत आले होते. आज पहिल्यांदा ध्यानात आले, की अंधार खोलीचा नव्हता. ते बाहेर आले आणि बाह्या सरसावल्या.

“मेहुणे, उचला. आधी ‘ओ’.”

रविवारभर त्या घरात जे स्थलांतर झाले, त्याला तोड नव्हती. हेडमास्तरांचा ‘ए’ पलंगाखाली गेला. ‘बी’ आणि ‘सी’ कन्येने आपल्या कपाटात, कपड्यांच्या जागी घेतले. कपडे खुर्चीवर आले, पण ते पूर्वीही तिथेच असत. ‘डी’ स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढला. मेहुण्याने ‘के’ आणि ‘एल’ यांना जोडून, वर गादी घालून चक्क पलंग केला आणि आता कूस कुठेही बदलता येते म्हणून समाधान व्यक्त केले. पत्नीने संपूर्ण हालचालीची सूत्रे हाती घेतली होती. “सावकाश! ‘एस’ला दोन माणसं लावा, तो जड आहे! ‘क्यू’ कुणीही एका हातानं आणा!” राहिलेली खोकी आत्यांच्या चिंचोळ्या खोलीत, भिंतीला टेकून उभी राहिली. चिरंजीवांचे टेबल त्यांच्यामधे आडवे बसले. खुर्ची मागे सरकवायची, तर दाराबाहेर जाऊन सरकवावी लागणार होती. शेवटी ‘पी’ हलला आणि खिडकी उघडली. समोरचा रस्ता, पलीकडचे झाड, त्याखालचा बाक, सगळे एकदम खोलीत आले. आत्या तिथे आणलेल्या आपल्या पलंगावर बसल्या, खिडकीकडे तोंड करून.

सोमवारी सकाळी छापखानेवाले आले ते खिशातून घडी काढतच.

“चिरंजीव, नोंद?”

“नाही.”

“मग माझा इलाज नाही. प्राध्यापकांना वचन दिलंय.” त्यांनी घडी उलगडली आणि उलगडता उलगडता त्यांची नजर मोठ्या खोलीकडे गेली. उजेडात, खिडकीपाशी, आत्या बसलेल्या. छापखानेवाले जुने माणूस. त्यांना घराची मांडणी ठाऊक होती. ते कौतुकाने दारापर्यंत गेले.

“वा, आत्याबाई! मोठी खोली मिळाली तुम्हाला? चांगलं झालं. म्हातारपणी पुतण्याला दया आली म्हणायची.”

आत्यांनी मान वळवली. वर्तमानपत्र हातातून खाली पडले.

“दया? दया कुणाला आली? आणि मला कशाला हवी हो कुणाची दया? भीक नाही मिळालेली मला! इतकी वर्षं बुडवलेला कर भरलाय त्यानं! बापाचा आणि स्वतःचा, दोन्ही! समजलं?”

छापखानेवाले दोन पावले मागे सरले. स्वयंपाकघराच्या दारात पत्नी, तिच्या खांद्यामागे कन्या, ‘के’ आणि ‘एल’वर उठून बसलेला मेहुणा, सगळे चिरंजीवांकडे पाहत होते, आणि चिरंजीव आत्यांकडे.

“आत्या,” ते हळूच म्हणाले, “तू काय म्हणालीस ते...”

“काय म्हणाले ते मला चांगलं ठाऊक आहे.”

“हरकत आहे!” कन्या पुढे झाली. शिक्षण माणसाला आयत्या वेळी गप्प बसू देत नाही. “साक्षीदार आणि न्यायाधीश एकच व्यक्ती असू शकत नाही. शब्द आत्याआजीनंच उच्चारला आणि आत्याआजीनंच ऐकला, हे कसं चालेल?”

आत्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“मुली, माझे कान माझ्या तोंडापासून चार बोटांवर आहेत. या घरात याहून जवळून कुणीही काहीही ऐकलेलं नाही. हरकत फेटाळली.”

छापखानेवाल्यांनी प्राध्यापकांची घडी मुकाट्याने खिशात परत ठेवली. चिरंजीव टेबलाकडे धावले, टेबलापाशी पोहोचायला दाराबाहेरून वळसा घालावा लागला, आणि लिहू लागले. आत्या खिडकीतून सांगत होत्या. त्यांच्या आवाजात आता हेडमास्तरांना शोभेल असा ठसका होता.

“पहिला अर्थ, कर. पुढं लिही, घेणाऱ्याच्या तोंडी. दुसरा अर्थ, भुर्दंड, जुलूम, खंडणी, लूट इत्यादी. पुढं लिही, देणाऱ्याच्या तोंडी. पट्टी, जकात, शुल्क हे तू स्वतः बोललास, ते चालणार नाहीत. काढ.”

“दरोडा?”

“तो मेहुण्याचा. त्याला शोभेल असाच आहे. ठेव.”

नोंद घेऊन छापखानेवाले बाहेर पडले. चिरंजीव मोठ्या खोलीच्या दाराशी आले. त्यांच्या हातात खोलीची जुनी लोखंडी किल्ली होती. कपाटांमागच्या खिळ्यावर ती लोंबकळत राहिली होती आणि आदल्या दिवशी सापडली होती. त्यांनी ती आत्यांच्या तळहातावर ठेवली.

“आत्या, आता माझ्याकडे तुझं काही राहिलं नाही.”

आत्यांनी किल्ली मुठीत धरली, वजन पाहिले, आणि मान हलवली.

“माझंही काही येणं राहिलं नाही. जा आता, ‘टी’च्या पुढचं अक्षर गाठ. आणि दार लावून घे. मला खिडकीत बसायचंय.”